चप्पल काढू नकोस

सुलूताई साळवे यांना 'तुमचं चुकलं' असं कोणी तोंडावर म्हटल्याचं उज्जैनच्या फ्रीगंजात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. सरकारी मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत. टीप वाकडी गेली की उसव, मुलगी रडली तर रडत रडत उसव, असा त्यांचा खाक्या. आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून उज्जैनला आले आणि साळवे मंडळी इथलीच झाली. सुलूताईंनी लग्न केलं नाही. दर रविवारी चर्चमध्ये पहिला बाक त्यांचा, आणि दर गणपतीत मराठी मंडळाच्या नाटकाचे कपडेही त्यांचेच. "देव तुमचा, ब्लाउज माझे," असं त्या म्हणत.

शहाण्णव सालच्या गणपतीत मात्र प्रकरण ब्लाउजवर थांबलं नाही. नाटक तीन आठवड्यांवर आलेलं, आणि मुख्य भूमिका करणाऱ्या कुसुमताई न्हाणीघरात घसरून पाय मोडून बसल्या. नाटक लिहिलेलं आणि बसवलेलं श्रीपादरावांनी. बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे वेळ भरपूर आणि धीर अजिबात नाही. ते म्हणाले, "साळवेबाई, तुम्हीच करा. आवाज आहे, पाठांतर आहे, आणि तुम्ही कोणाच्या बापाला घाबरत नाही."

भूमिका वेणूआत्याची. आईवेगळ्या भाचीला, नलूला, आत्यानं वाढवलेलं. नलू घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून जाते, काही वर्षांनी दाराशी येऊन माफी मागते. आत्या म्हणते, "केलंस, आता भोग. हीच तुझी शिक्षा." आणि दार लावून घेते. पडदा.

सुलूताईंनी वही एका बैठकीत वाचली आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी त्या श्रीपादरावांच्या घरी हजर.

"शेवट बदला. ही बाई माणूस आहे की दगड? पोरगी दाराशी येऊन रडून राहिली आणि ही कडी लावते! आमच्या धर्मात असं नाही चालत. आमच्यात क्षमा आहे."

श्रीपादराव काही बोलायच्या आत त्यांची बायको, माई, चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. त्या दिवसांत हळदीच्या अमेरिकन पेटंटवरून पेपर तापलेले होते.

"का हो सुलूताई, क्षमेचं पण पेटंट घेतलं का तुमच्या चर्चनं?" माई म्हणाली. "आमच्यात काय कोणी कोणाला माफ करत नाही? ही वेणूआत्या तिच्या स्वभावानं तशी आहे. धर्माला कशाला मध्ये आणता?"

"मग तिला सुधारा ना!"

"बिलकुल नाही," श्रीपादराव म्हणाले. "अशी माणसं असतात. तुम्ही कधी पाहिली नाहीत का?"

"नाही पाहिली," सुलूताई ठणकावून म्हणाल्या आणि चहा न संपवताच उठल्या.

पण भूमिका सोडली नाही. हातातलं काम टाकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. घरी येऊन त्यांनी नाटकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीनं उभी रेघ मारली. डावीकडे लिहिलं, 'आत्या म्हणते'. उजवीकडे लिहिलं, 'आम्ही मानतो'. डावीकडे: केलं ते भोगावं. उजवीकडे: कबूल केलं की सुटका आहे. डावीकडे: लागलेलं दार उघडत नाही. उजवीकडे: वाजवणाऱ्याला दार उघडावं. रोजच्या तालमीनंतर दोन्ही बाजूंना एकेक ओळ वाढत गेली, आणि दर वेळी उजवी बाजू जिंकली. सुलूताईंना फार बरं वाटायचं. स्वतःच परीक्षक असलं की पहिला नंबर चुकत नाही.

नलूचं काम करणारी इशिता कॉलेजातली पोर, उज्जैनातच जन्मलेली, हिंदी शाळेत शिकलेली. घरात मराठी बोलायची, पण ती हिंदीच्या उंबऱ्यावरून उडी मारून आलेली मराठी. एक दिवस तिनं तालीम थांबवून विचारलं, "सर, आत्या दरवाजा बंद करून राहिली, मग नलूला शिक्षा कधी देते? ट्यूशन घेते का?"

सगळे पोट धरून हसले. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे हसणाऱ्यांना ठाऊक होतं. श्रीपादराव मात्र हसले नाहीत.

"निम्मा हॉल हिच्यासारख्याच पोरांचा असणार," ते डोकं धरून म्हणाले. "शेवटच्या वाक्याला हशा पिकला तर मी राम घाटावरून उडी मारीन. हे वाक्य काढा. दुसरं काहीतरी पाहिजे, लहान पोराला पण समजेल असं. साळवेबाई, तुम्ही प्रसंग चालू करा, तोंडात येईल ते बोला."

इशिता पुन्हा दाराच्या चौकटीशी आली. "आत्या, मी आले," म्हणाली आणि सवयीनं वाकून चप्पल काढू लागली. सुलूताईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, "चप्पल काढू नकोस. तुला थांबायचं नाहीये."

 हॉलभर टाळ्या. श्रीपादराव खुर्चीवरून उठलेच. "वा! हे सुचलं कुठून तुम्हाला?"

सुलूताईंनी वही मिटून पिशवीत टाकली. डोकं दुखतं म्हणून त्या घरी गेल्या.

सुचलं कुठलं! नऊ वर्षांपूर्वी स्वतःच्या घराच्या उंबऱ्यात उभं राहून त्यांनी ते वाक्य एकदा बोलून ठेवलं होतं. समोर होती धाकटी बहीण, मीरा. आई लवकर गेली तेव्हा सुलूताईंनीच जिच्या वेण्या घातल्या, चर्चमध्ये जिच्या गाण्याला लोक माना डोलवायचे, ती मीरा एका रमेश नावाच्या हिंदू मुलाशी लग्न करून पंधरा दिवसांनी पेढे घेऊन आली होती. सुलूताई ते वाक्य बोलल्या, मीरा पेढ्यांसकट परत गेली. पुढच्या वर्षी वडील गेले. मीरा कब्रस्तानाच्या फाटकाशी उभी होती आणि सुलूताई तिच्या अंगावरून पुढे निघून गेल्या. त्यानंतर दर रविवारी त्या क्षमेची प्रार्थना खड्या आवाजात म्हणत आल्या होत्या, आणि मीरा राहत होती अर्ध्या तासावर, नानाखेड्याच्या नव्या कॉलनीत.

त्यांनी वही उघडली. आजचं वाक्य लिहायचं होतं. डावीकडे लिहावं तर ते आत्याचं नव्हतं, श्रीपादरावांनी ते कधीच लिहिलेलं नव्हतं. उजवीकडे लिहायचं तर लाज वाटली. शेवटी त्यांनी आणखी एक रेघ मारून तिसरा रकाना केला. वर लिहिलं, 'मी'. खाली एकच ओळ लिहिली. मग त्या टेबलावर डोकं ठेवून रडल्या, वेडंवाकडं, शाळेतल्या मुली रडतात तशा.

रडून झाल्यावर चेहरा धुतला. चुकलेली टीप आपणच उसवायची असते, हे सव्वीस वर्षं त्या दुसऱ्यांना सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी श्रीपादरावांना सांगितलं, "शेवट बदलू नका. आत्या बरोबर लिहिलीय तुम्ही. अशी माणसं असतात."

रविवारी चर्च सुटल्यावर त्या कोणाशी न बोलता नानाखेड्याच्या टेम्पोत बसल्या. हात रिकामे होते. पेढे नेणं त्यांना बरं दिसलं नाही. मीरानं दार लावून घेतलं तर पुढच्या रविवारी पुन्हा यायचं, आणि त्याच्याही पुढच्या, हे ठरलेलं होतं.  कॉलनीतल्या दुकानदारानं बोट दाखवलेल्या घराची कडी त्यांनी दोनदा वाजवली.

दार मीरानंच उघडलं. कानाशी केस पांढरे झालेले, हाताला कणीक.  सुलूताईंनी वाटेत पाठ केलेलं सगळं भाषण गेलं कुठल्या कुठे. त्या उंबऱ्याबाहेर, पायात चप्पल तशीच ठेवून उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "चप्पल काढलेली नाही मी. तू म्हणालीस तरच काढीन."

मीरानं त्यांच्या पायांकडे पाहिलं. 

"मी एक काढली होती, ताई," ती म्हणाली. "डावी. तू बोललीस तेव्हा ती परत घालायला सापडेना. तू बघत उभी होतीस."

"आठवतंय."

मीरानं कणकेचा हात पदराला पुसला. हसली नाही, पण दारातून बाजूला झाली.

"आत येऊन काढ. बाहेर ठेवलीस तर कुत्रं नेतं. आणि जायची घाई करू नकोस, मला तुला पुष्कळ बोलायचंय."