काका आणि लॅबची हवा

हवेसारख्या फुकटच्या गोष्टीवरून आमच्या धाकट्या काकांइतका संतापलेला माणूस अख्ख्या माळव्यात झाला नसेल. इंदूरच्या एका कॉलेजात ते केमिस्ट्री शिकवत आणि मी तिथेच त्यांचा विद्यार्थी होतो. वाऱ्याने बर्नरची ज्योत हलते म्हणून लॅबच्या खिडक्या खिळे ठोकून बंद केलेल्या, डोक्यावर तापलेले पत्रे, आणि आत सडक्या अंड्यांच्या वासाचा तो गॅस. काकांच्या कपड्यांत तो वास इतका मुरला, की बडा गणपतीजवळच्या आमच्या सोवळ्या गल्लीत काका चोरून अंडी खातात अशी बोलवा उठली. काकू रडकुंडीला आल्या. काका भर गल्लीत ओरडले, "खातो! रोज खातो! कॉलेजच्या खर्चाने खातो!" माझ्या मुंजीत तर त्यांनी गुरुजींना पेटता होम अंगणात हलवायला लावला. "गुरुजी, पुण्य बाहेर पण लागतं. धूर कशाला कोंडता?"

लॅबला धूर बाहेर फेकणारा एक पंखा द्या, एवढंच त्यांचं मागणं. मुलं चक्कर येऊन पडत होती आणि काकांना स्वतःला खोकला जडला होता. तेव्हा मध्यभारताचं सरकार उन्हाळ्यात ग्वाल्हेरहून इंदूरला मुक्कामाला येई. कॉलेजच्या कमिटीचे अध्यक्ष वाळ्याच्या ओल्या पडद्याआड बसून म्हणाले, "प्रोफेसर साब, पूरी सरकार यहाँ हवा खाने आती है, और आपको पंखा चाहिए?" ते आठवलं की माझं डोकं आजही तापतं. काकांनी त्यांचा हात धरला आणि थेट लॅबमध्ये नेलं. "या ना साहेब, आमची पण खाऊन बघा!" साहेब नाकाला रुमाल लावून पळाले. आठवड्याभरात पंखा आला. अध्यक्षांच्या खोलीत!

मग डॉक्टरांनी काकांना बजावलं, "लॅब सोडा, महिनाभर हवापालट करा." काका खोकत खोकत कडाडले, "पालटायची तर तिथली पालटा ना! पोरं आत असताना मी कुठे जाऊ?" दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन त्यांनी खिडक्यांचे सगळे खिळे उपटले. लू आत आली, ज्योती फडफडल्या. काका प्रॅक्टिकलभर वाऱ्याकडे पाठ करून, हात पसरून ज्योतींना आडोसा देत उभे राहिले. माझ्या टेबलाशी आले तेव्हा मी म्हटलं, "काका, बसा ना." पक्क्या इंदुरी ढंगात भैयाचं 'भिया' करत म्हणाले, "भिया, तू अपना काम कर. मी आहे इथे."

पुढचा उन्हाळा काकांना लाभला नाही. डॉक्टरांचं का ऐकलं नाही म्हणून मी त्यांच्यावर रागवायचं कितीदा ठरवलं. अजून जमलेलं नाही.