मोठ्या साहेबांच्या भाषणातला सायरन

रंगाच्या कारखान्यातल्या सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे कामगार ‘हेल्मेटकाका’ म्हणत. दिवसभर काकांचं एकच पालुपद चालायचं, "हेल्मेट डोक्यावर, काखेत नाही!" थिनरच्या पिंपाजवळ कुणी खिशात हात घातला की यांना लगेच काडेपेटी दिसायची. लग्नाला गेले तरी आधी कार्यालयाचा मागचा दरवाजा उघडतो का ते बघून येत. "नवरानवरीकडे बघा की जरा," बायको दबक्या आवाजात म्हणायची.

सुरक्षा सप्ताह आला आणि मुख्य कचेरीतले मोठे साहेब भाषणाला येणार असं ठरलं. कारखान्याच्या मॅनेजरने पॅकिंगच्या हॉलमध्ये झकास व्यासपीठ उभारलं. नेमकं आपत्कालीन दरवाजाला टेकून. वर सोफे, पुढे कुंड्या.

काका तडक केबिनमध्ये गेले. "साहेब, दरवाजा अडलाय."

"पडदा लावलाय की त्याच्यावर. दिसतोय कुठे?"

"आग लागली तर?"

"अहो, सुरक्षा सप्ताहात कशी लागेल? चांगलं बोला काहीतरी."

"या महिन्याची आगीची तालीमही राहिलीय."

"झाली म्हणून लिहून टाका. विषय संपला."

काका बाहेर आले. असे कितीतरी विषय त्यांच्या डोळ्यांदेखत संपले होते. पण भाषणाच्या दिवशी डबा उघडला तरी त्यांचं लक्ष त्या पडद्याकडेच होतं. त्यांनी डबा तसाच बंद केला आणि हॉलच्या फाटकाशी, सायरनच्या बटणापाशी जाऊन उभे राहिले.

"सुरक्षा हा आमचा श्वास आहे," मोठे साहेब सांगत होते. काकांनी बटण दाबलं.

कामगार शिकवल्याप्रमाणे रांगेने फाटकातून मैदानात गेले. व्यासपीठावरची मंडळी मात्र जवळच्या दरवाजाकडे वळली. मॅनेजरने पडदा ओढला, तर दरवाजाची कडी फळ्यांमागे गाडलेली. मागे फिरावं तर सोफे आडवे. मोठे साहेब सोफ्यावर चढले, तिथून कुंडीत उतरले आणि माइकच्या वायरीत पाय गुंतवून बसले.

"घाबरू नका, तालीम आहे!" काका हातातल्या कर्ण्यातून ओरडले. मग त्यांनी मैदानात हजेरी घेतली आणि नेहमीच्याच कोरड्या आवाजात जाहीर केलं, "कामगार सगळे वाचले. साहेब लोक गेले."

मैदानभर हशा उसळला. काका हसले नाहीत. तालमीत जो बाहेर पडला नाही तो गेला, हा त्यांचा साधा हिशेब होता.

संध्याकाळी मॅनेजरने त्यांना फैलावर घेतलं. "यापुढे माझ्या लेखी परवानगीशिवाय सायरन वाजवायचा नाही!"

"आणि खरी आग लागली तर?"

"तेव्हाही शिस्त पाहिजेच. अर्ज करा, मी बघतो."

घरी बायको हे ऐकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग एकदम गंभीर झाली. "नोकरी आहे ना पण?"

"आहे. काढायचं तर कारण लिहावं लागेल. ते लिहिणार कोण?"

दुसऱ्या दिवशी सुतार आले आणि कुणाच्याही लेखी परवानगीशिवाय व्यासपीठ निघालं. काकांनी दरवाजा उघडून पाहिला, कडीला तेल घातलं. आता हॉलमध्ये कसलाही समारंभ असो, मॅनेजर सगळ्यांच्या आधी येतात आणि त्या दरवाजाजवळची खुर्ची धरून बसतात.