गुळावर आलेला आळ

आज पायाची जखम दाखवायला गेलो. डॉक्टर म्हणाले, "शुगर आहे, वेळ लागणारच." मला देवळालीचे माझे चुलते, अण्णा आठवले.

बाहत्तर सालची गोष्ट. अण्णांना मधुमेह, आणि पायाच्या अंगठ्याखालची जखम काही केल्या भरेना. घरचं गुऱ्हाळ असून काकूंनी त्यांना काकवीचं बोट चाटू दिलं नाही.

शेवटी नगरच्या डॉक्टरांनी जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. निघाला कातडीचा कॅन्सर.

काकू रडायला लागल्या. अण्णा म्हणाले, "म्हंजी गुळाचा गुन्हा न्हवताच. उगंच फिका चहा पाजलास."

काकूंनी डोळे पुसले. "साखर हायच अजून. चहा फिकाच मिळंल."

अंगठा गेला, अण्णा राहिले. म्हणून आज मीही तुकडा तपासायला लावला.

तुमच्या घरी कुणाची जखम अशीच साखरेच्या नावावर पडून आहे?