एक्केचाळीस पावलं

माझ्या साडूइतका चोखंदळ माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि झालाच असेल तर त्याची बायको केव्हाच माहेरी निघून गेली असणार. आमची मेहुणी गेली नाही, हे तिचे उपकार. खरवईचा फ्लॅट घेताना हे गृहस्थ तीन रविवार त्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून होते. का, तर पाणी किती वाजता येतं आणि कितव्या मजल्यापर्यंत चढतं हे स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. वॉचमनने चोर म्हणून हटकलं, तर त्यालाच शेजारी बसवून विचारलं, ‘ड्युटीवर झोपता का हो?’ ते लांबून दिसले की कलिंगडवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवायचा. मी वयाने लहान, म्हणून तोंडाने त्यांना भाऊ म्हणायचो. मनात काय काय म्हणायचो ते इथे लिहिता येत नाही.

आनंदनगर एमआयडीसीतल्या सूत रंगवण्याच्या एका कारखान्यात भाऊ टाइम ऑफिसात कामगारांची हजेरी लिहायचे आणि त्यांच्याच वशिल्याने मी तिथे स्टोअरला चिकटलो होतो. लहान कारखान्यात ज्या कामाला कोणी वाली नसतो ते टाइम ऑफिसच्या गळ्यात पडतं. सव्वीस जुलैच्या पुराचं साल उलटल्यावर तपासणीला आलेले सरकारी साहेब बजावून गेले, की कामगारांना प्रथमोपचाराचं ट्रेनिंग द्या. शेठने फाइलमधून मान वर न करता भाऊंना सांगितलं, ‘कोई अच्छावाला देख लो.’ बोंबला! भाऊंना अच्छावाला बघायला सांगितल्यावर दुसरं काय होणार? पुढचं दीड वर्ष कारखान्यात ट्रेनिंग सोडून सगळं झालं.

त्याचं असं होतं, की सुताला झळाळी आणायला आमच्याकडे कॉस्टिकचं पाणी लागायचं. दिसायला साधं पाणी, पण अंगावर उडालं तर कातडी सोलणारं आणि डोळ्यात गेलं तर दृष्टी नेणारं. त्या टाकीभोवती आमची बारा माणसं रोज वावरायची. भाऊंना ध्यास लागला तो त्या चोवीस डोळ्यांचा. ट्रेनिंग द्यायला जो कोणी येईल त्याला ते चहा पाजायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ‘कॉस्टिक डोळ्यात उडालं तर काय करायचं?’ उल्हासनगरहून आलेला म्हणाला, ‘अरे बॉस, आदमी भेजो ही मत. खाली नाम भेज दो, परसों सबका सर्टिफिकेट.’ कल्याणहून आलेल्याने विषारी आणि बिनविषारी सापांची चित्रं दाखवली. तिसरा जरा शिकलेला होता. तो म्हणाला, ‘क्षाराला आम्ल मारतं, तेव्हा लिंबू पिळा.’ भाऊ म्हणाले, ‘अहो, तो डोळा आहे. पोहे नाहीत!’ चौथ्याने माणसाएवढी प्लॅस्टिकची बाहुली आणली, तिची छाती कशी दाबायची ते झकास दाखवलं, आणि प्रश्न ऐकल्यावर म्हणाला, ‘सर, ते आमच्या सिलॅबसमध्ये नाही.’

शेवटी भाऊंनी डोळ्यांना रुमाल बांधला. दिसेनासं झालेला माणूस टाकीपासून पार दुसऱ्या टोकाच्या नळापर्यंत पोचतो का, हे त्यांना बघायचं होतं. पहिल्या दिवशी खांबावर आपटले, दुसऱ्या दिवशी शेठच्या अंगावर. जेवणाच्या सुट्टीत पोरं डबे उघडून तमाशा बघायला बसायची. ‘काका, लेफ्ट मारो, लेफ्ट!’, ‘संभालके काका, पुढे माझी भेंडी आहे!’ भाऊ आपले पावलं मोजतच. आठवड्याने रुमाल सोडून म्हणाले, ‘एक्केचाळीस पावलं. उजवा हात भिंतीला. लक्षात ठेवा रे.’ कोण लक्षात ठेवतो? टाकीपाशीच एक नळ द्या म्हणून ते शेठकडे गेले, तर शेठ म्हणाला, ‘पहले ट्रेनिंग तो फाइनल करो.’

बरं, हे वेड कारखान्यात सोडून यावं की नाही? माझ्या पुतण्याच्या लग्नात, उल्हासनगरच्या हॉलवर, आचाऱ्याच्या हातावर गरम तेल उडालं. त्याने टूथपेस्ट मागवली. भाऊंनी ती हिसकावून घेतली आणि त्याचं मनगट धरून हात नळाखाली ठेवला तो ठेवलाच. आचारी नळाला, पुऱ्या परातीत कच्च्या आणि मुलीकडची मंडळी ताटावर! व्याही मला म्हणाले, ‘तुमचे साडू डॉक्टर आहेत का?’ मी म्हटलं, ‘नाही हो, टाइमकीपर आहेत.’ मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. आचाऱ्याच्या हाताला फोड आला नाही, हे मात्र कोणाला सांगावंसं वाटलं नाही. मलाही नाही.

मग तपासणीवाल्या साहेबांचं कडक पत्र आलं आणि माझा धीर सुटला. टाइम ऑफिसात जाऊन मी भाऊंना सरळ बोललो, ‘पुरे झालं आता. तो बाहुलीवाला ठरवून टाका. लोक मला हसतात. तुमचा साडू म्हणवून घ्यायची लाज वाटते मला.’ भाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ‘लाज वाटते?’ एवढंच म्हणाले, आणि बाहुलीवाल्याच्या कागदावर सही केली. ट्रेनिंग झालं. समोसे होते, अर्धा दिवस सुट्टी होती, आणि सगळ्यांत पहिला नंबर माझा आला. सर्टिफिकेट मी लॅमिनेट करून घेतलं. विद्या वाईट नव्हती हो. एखाद्याचं हृदय बंद पडलं तर तिने जीव वाचेल. पण आमच्या टाकीपाशी धोका डोळ्यांना होता, आणि तो सांगणाऱ्या एकुलत्या एका माणसाला मी गप्प बसवलं होतं.

महिनाही झाला नसेल. टाकीवरचा एक जण गॉगल न घालता काम करत होता. भाऊ आपला गॉगल काढून त्याला घालत होते, तेवढ्यात पाइपाचा जोड सुटला. त्याचे डोळे वाचले. भाऊंच्या तोंडावर उडालं. आम्ही सर्टिफिकेटवाले सगळे तिथेच! एक जण औषधाच्या थेंबांची बाटली शोधत पळाला. दोघांनी भाऊंना धरून जमिनीवर आडवं केलं आणि एक छाती दाबायला बसला. ‘सोडा रे मला!’ भाऊ ओरडले, धडपडत उठले, उजवा हात भिंतीला लावला आणि मोठ्याने मोजत निघाले. एक, दोन, तीन... आणि मी, पहिल्या नंबरचा, उभा राहून बघत होतो. तिसाव्या पावलावर ते रंगाच्या ड्रमवर कोसळले. ड्रम माझ्या स्टोअरचा. आत जागा नव्हती म्हणून सकाळी मीच तिथे ठेवायला लावलेला. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी त्यांना उचलून नळाखाली धरलं. ते म्हणाले, ‘वीस मिनिटं. घड्याळ बघ. मी बोंबललो तरी सोडू नकोस.’ ते बोंबलले. मी सोडलं नाही.

उजवा डोळा वाचला. डावा गेला. शेठने आठ दिवसांत टाकीला लागून नळ बसवला, जो इतके दिवस बसत नव्हता.

भाऊ आता खरवईला घरीच असतात. एका डोळ्याने कलिंगड निवडतात, आणि वेळ पूर्वीपेक्षा दुप्पट लावतात. मी गेलो की चहा येईपर्यंत विचारतात, ‘डोळ्यात कॉस्टिक उडालं तर काय?’

‘पाणी. ताबडतोब.’

‘किती वेळ?’

‘वीस मिनिटं. मग दवाखाना.’

‘आणि लिंबू?’

‘पोह्यांवर.’

मग ते खुदकन हसतात. एकदा मी धीर करून म्हटलं, ‘भाऊ, माझ्यामुळे झालं सगळं.’ ते म्हणाले, ‘छट्! माझीच निवड चुकली. उत्तर मला येत होतं आणि मी दीड वर्ष बाहेरचा मास्तर शोधत बसलो. सरळ मीच शिकवायला हवं होतं तुम्हाला.’

ड्रम कोणी ठेवला होता, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलेलं नाही. त्यांच्या घरी गेलो की मी आधी चपला, स्टूल, नातवाची सायकल, जे काही त्यांच्या डाव्या बाजूला वाटेत असेल ते उचलून ठेवतो, आणि मगच बसतो.