गार्डसाहेबांची वाट चुकली नव्हती

‘अखेरच्या मोहिमेत वयोमानामुळे गार्डसाहेबांची वाट चुकली, परंतु आम्ही सर्वांनी मिळून त्यांना शोधून काढले.’ आमच्या गिरिभ्रमण मंडळाच्या ताज्या स्मरणिकेत, गार्डसाहेबांना वाहिलेल्या श्रद्धांजलीत, हे वाक्य छापलेले आहे. मजकूर संपादक कुलकर्णी यांचा. वाक्याचा पूर्वार्ध साफ खोटा आहे, आणि तो खोडून काढल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही.

गार्डसाहेबांचा रेल्वेशी काडीचाही संबंध नव्हता. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला, कसबा पेठेत एकटा राहणारा हा गृहस्थ डोंगरात नेहमी सर्वांच्या मागे चालत असे, म्हणून हे नाव. दम लागतो म्हणून ते मागे राहतात, असा नव्यांचा समज होई. “अहो, इंजिन व्हायला सगळेच तयार असतात,” ते म्हणत, “शेवटच्या डब्यात कोणी बसायचं?”

किल्ल्यावर पोहोचले तरी ते आत शिरत नसत. बाकीच्यांचे डबे उघडून निम्मे संपलेले असत, आणि हे दरवाजाबाहेर उभे राहून विचारत, “आले का सगळे?” होकार मिळाला की मगच उंबरठा ओलांडत. एका हौशी तरुणाने जंगलात मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली, तेव्हा गार्डसाहेबांनी अत्यंत अदबीने चौकशी केली, “गव्यांनी फर्माईश केली होती का आपल्याकडे?” पुढचा सारा दिवस त्या मोबाइलचा आवाज ऐकू आला नाही.

त्या अखेरच्या मोहिमेतल्या, कोयनेपलीकडच्या किल्ल्याला जायला धड पायवाट नाही. सदाहरित रानातून, ओढ्याच्या पात्रातूनच चढावे लागते. भर दुपारीही तिथे अंधारलेले असते. शेवाळलेल्या धोंड्यांवर पाऊल ठरत नाही आणि जळवा मोज्यांतूनही आत शिरतात. दोन ओढे मिळतात तिथे कोणता धरायचा हे कळत नाही, म्हणून आमच्यात एक रीत होती. पुढच्याने चुकीच्या ओढ्यावर पानांची फांदी आडवी टाकायची; सर्व गेल्यावर शेवटच्याने ती उचलून बाजूला ठेवायची.

या रीतीला गार्डसाहेबांनी आपली एक पुरवणी जोडली होती. फांदी ओलांडून कोणी भलतीकडे गेलाच, तर शेवटच्याने त्याच्यामागे जायचे. मात्र जाण्यापूर्वी फांदीला आपले वस्त्र बांधायचे.

“आणि त्या शेवटच्याला कोण शोधणार?” मी एकदा छेडले होते.

“आपण शोधाल. वस्त्र काय जळवांसाठी बांधायचं?”

त्या दिवशी कुलकर्णी धबधब्याचे छायाचित्र घेण्यासाठी फांदी ओलांडून डावीकडच्या ओढ्यात शिरले. तिथून आडरानातून कडेने चढून, आमच्याही आधी, किल्ल्याच्या दरवाजात येऊन उभे राहिले. “काय काका, कसा मारला शॉर्टकट!” असे मलाच ऐकवले. आम्ही डबे उघडले. दरवाजाबाहेरचा तो नेहमीचा प्रश्न मात्र आला नाही.

मी उलटा उतरलो. डावीकडच्या ओढ्यात, एका धोंड्याला टेकून गार्डसाहेब बसले होते. पाय मोडलेला होता.

“कुलकर्णी आला का?” त्यांचा पहिला प्रश्न.

“केव्हाच. वर भाकरी खातोय.”

“मग ठीक. त्याला काही बोलू नका. ओशाळेल, पुन्हा डोंगरात यायचा नाही.”

मागाहून इतर आले आणि आम्ही त्यांना आळीपाळीने पाठीवर घेऊन खाली आणले. तो पाय पुन्हा डोंगर चढला नाही. पुढे मंडळाची मोहीम झाली की मी कसबा पेठेत जाऊन त्यांच्या खाटेशी बसत असे. किल्ल्याबद्दल, हवेबद्दल ते काही विचारत नसत. “आले का सगळे?” एवढेच. हल्ली मी तळजाईच्या टेकडीवर एकटाच फिरतो. वळणावर थांबून मागे पाहण्याची सवय काही जात नाही. मागे कोणी नसते.

त्यांचा शब्द मी त्यांच्या हयातीत पाळला. परंतु ज्याची लाज राखण्यासाठी ते गप्प राहिले, त्याच्याच लेखणीने त्यांना वाट चुकलेला म्हातारा ठरवावे, हे मला मान्य नाही. मी कुलकर्णींना फोन केला.

“काका, आता ते गेले. कशाला उकरून काढता?” ते म्हणाले, “आणि ‘कुलकर्णी आला का’ हा त्यांचा प्रश्न तुमच्याशिवाय कोणी ऐकलाय?”

बरोबर आहे. तेव्हा माझ्या कानांवर विश्वास ठेवू नका. स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ‘रानातील रम्य ओढा’ म्हणून जे छायाचित्र आहे, ते त्याच दिवशी उतरताना कुलकर्णींनी स्वतः टिपलेले आहे. आम्ही सारे गडबडीत होतो. तिथली फांदी उचलून बाजूला ठेवायचे कोणाला सुचले नाही. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात पाहा. ओढ्याच्या तोंडाशी पानांची फांदी आडवी पडली आहे, आणि तिला गार्डसाहेबांचा लाल काठाचा पंचा बांधलेला आहे.