पाटावरची वाळू

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही. तुम्हाला सांगतोय — कदाचित तुम्ही अण्णांना ओळखत नव्हता म्हणून.

अण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म नारायण पेठेत काढून उतारवयात माझ्या बाणेरच्या फ्लॅटवर राहायला आले. सोसायटीनं गणपती विसर्जनासाठी क्लबहाऊसपाशी हौद ठेवला, तेव्हा म्हणाले, "देव काय हरभरे आहेत, भिजत घालायला?" आमचा गणपती पेठेतल्या घाटावर, नदीतच जायचा. त्या वर्षी मात्र अण्णांचे गुडघे साथ देईनात. पहिल्यांदाच मी एकटा निघालो.

आणि नेमका त्याच संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. आयटीत यात नवल ते काय? अण्णांना सांगितलं असतं तर त्यांनी दोन टोमणे मारले असते आणि विषय संपला असता. मला ते दोन टोमणे नको होते — एवढंच.

मी गणपती खाली नेला. कानात इअरफोन, फोन म्यूटवर — आणि मूर्ती हौदात सोडली. आरती नाही, 'पुढच्या वर्षी लवकर या' नाही. मग पार्किंगमध्ये गाडीत बसून उरलेला कॉल पुरा केला. कॉल चांगला झाला, हेही सांगून टाकतो.

वर जायला निघालो तर हातात रिकामा पाट. विसर्जनाहून परतताना पाटावर नदीची मूठभर वाळू आणायची, घरी तिची आरती करायची, ही आमच्याकडची रीत. शेजारी इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथल्या ढिगातली मूठभर उचलली. कोरडी दिसत होती, म्हणून बाटलीतलं पाणी शिंपडलं — इतकं बारकाईनं डोकं मी कुठल्या चांगल्या कामात चालवलंय?

अण्णा दाराशीच खुर्ची टाकून बसले होते.

"खडकवासल्यातून पाणी सोडलंय का रे?"

"हो. घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडाल्यात."

त्यांना फार बरं वाटलं. आरती केली, चिमूटभर वाळू कपाळाला लावली, उरलेली घरभर शिंपडली. मी टाळ्या वाजवत उभा होतो. लाज वाटली.

पुढच्या वर्षी अण्णा आपणहून म्हणाले, "आता हौदातच करू. तुझी फार धावपळ होते. गेल्या वर्षी एवढ्या गर्दीत तू नदीवर जाऊन आलास, माझं मन भरलं."

मी मान डोलावली.

नंतर दर गणपतीत ते आल्यागेल्याला ही गोष्ट सांगायचे. कौतुकानं, पायऱ्यांसकट. त्यांच्या शेवटच्या गणपतीत मात्र त्यांना नीट आठवेना. सांगता सांगता मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघू लागले.

"पायऱ्या बुडाल्या होत्या, अण्णा," मी म्हणालो.