चौथ्या दिवशीचा फोन

रविवार, ९ नोव्हेंबर, मँचेस्टर. सकाळपासून पाऊस. डॉ. केळुसकरांच्या साठीनिमित्तच्या गौरवअंकाचे लेख आज द्यायचे आहेत, म्हणून जेवण उरकून लिहायला बसले.

डॉक्टरांची ओळख सहा वर्षांपूर्वी हॉस्पिटलात झाली. माझे यजमान अरविंदराव यांना हृदयाच्या धमनीत स्टेंट घालायचा होता. डॉक्टरांनी तो मनगटाच्या धमनीतून नळी सरकवून घातला. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो.

चौथ्या दिवशी इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात हे डाव्या हाताने, चमच्याने वरणभात खात होते. डॉक्टर आपल्या जागेवरून उठून आले.

"अरविंदराव, डाव्या हाताने?"

"सवय करतोय."

"बाही वर करा."

मनगटाजवळ लिंबाएवढी सूज होती आणि ती नाडीसारखी उडत होती. धमनीचं छिद्र बुजलं नव्हतं, रक्त बाहेर साठत होतं. असं क्वचितच होतं, पण दुर्लक्ष केलं तर हातावर बेतू शकतं. यांनी ते माझ्यापासूनही लपवलं होतं.

डॉक्टर ताट तसंच ठेवून आम्हाला स्वतःच्या गाडीतून घेऊन निघाले.

"फोन का नाही केलात?"

"तुम्ही आपले. तुमच्या कामाला नाव कसं ठेवायचं?"

"म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून हात घालवणार होतात?"

ऑपरेशन दुसऱ्या सर्जननी केलं. तेवढा वेळ डॉक्टर माझ्याशेजारी बसून होते. "छिद्र माझ्या हातचं आहे," एवढंच म्हणाले. यांचा हात वाचला.

तेव्हापासून डॉक्टर प्रत्येक पेशंटला चौथ्या दिवशी स्वतः फोन करतात. "मराठी माणसाला दोनदा विचारतो," ते सांगतात. "पहिल्यांदा सगळे ठीकच असतात."

यंदा एप्रिलमध्ये हे गेले, वेगळ्याच आजाराने. चौथ्या दिवशी फोन आला.

"वहिनी, कशा आहात?"

"बरी आहे."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांना घोर नको, असं वाटलं.

डॉक्टर, ते खरं नव्हतं. अजूनही नाही. दोन-दोन दिवस माझं कुणाशी बोलणं होत नाही. फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते.

डॉक्टरांना निरोगी, दीर्घ आयुष्य मिळो, आणि त्यांनाही दोनदा विचारणारं माणूस कायम जवळ असो.

उद्या सकाळी कचऱ्याची गाडी येते. लेख इथेच थांबवून रद्दीचा निळा डबा गेटबाहेर ठेवून येते.